घरचा इंटरनेट फोन आणि ९११ : गाडी नक्की कुठल्या पत्त्यावर येते?

मोगरा_जर्सी

नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे, जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

आम्ही न्यू जर्सीत असतो, आधी एडिसनला अपार्टमेंटमध्ये होतो, आता साउथ ब्रन्सविकमध्ये टाउनहाउस घेतलंय. आई-बाबा पुढच्या महिन्यात पुण्याहून येतायत, थंडी सरेपर्यंत राहतील. बाबांची ॲंजिओप्लास्टी झालेली, आईला शुगर, आणि आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, मुलगी शाळेत. बाबांची बोटं थरथरतात त्यामुळे मोबाइलवर भलतंच काहीतरी दाबलं जातं आणि मग ते चिडतात, म्हणून मोठी बटणं असलेला साधा फोन आणला आणि आमचा जुना इंटरनेट फोनचा डबा, म्हणजे तो राउटरला जोडायचा आणि मागे फोनची वायर खोचायची तो, पुन्हा लावणार आहोत. नंबर एडिसनला असतानाचाच आहे. लावून बघितला, पुण्याला आवाज एकदम खणखणीत जातो.

तर परवा नणंद आली होती, ती म्हणाली अगं याच्यावरून ९११ (इथला पोलीस-ॲम्ब्युलन्सचा नंबर) केलंस तर ॲम्ब्युलन्स एडिसनच्या घरी जाईल. नवऱ्याचं म्हणणं की आता जेवण आणून देणाऱ्या पोरालाही आपण कुठे उभे आहोत ते फोनवर दिसतं, मग ९११ वाल्यांना दिसत नाही हे शक्यच नाही. दोघंही ठाम. मला एवढंच कळायला हवंय की बाबांना भर दुपारी छातीत दुखायला लागलं आणि आईने तो फोन उचलून ९११ दाबलं आणि घाबरून तिला इंग्लिशमध्ये पत्ता सांगता आला नाही, तर गाडी कुठे येईल? मधे काही दिवस ते माझ्या भावाकडे टेक्सासला जाणारेत, भाऊ म्हणतो डबा बॅगेत टाकून आणा, इथे लावू, नंबर तोच राहील. ते करावं का? आणि आईच्या मोबाइलवर व्हॉट्सॲप आहे आणि फुकट अमेरिकन नंबर देणारं एक ॲप, त्याच्यावरून ९११ लागतं का?

तारायंत्र

मोगरा, तुमच्या नणंदेचं बरोबर आहे. डब्याच्या कंपनीच्या वेबसाइटवर अजून एडिसनचा पत्ता असेल तर कॉल एडिसनला जाणार आणि गाडीही तिकडेच निघणार. आई-बाबा यायच्या आधी विचारलंत हे फार बरं झालं.

मी डॅलसला व्हॉइस नेटवर्कमध्ये काम करतो. जरा मुळापासून सांगतो कारण हे एकदा डोक्यात बसलं की बाकीचे सगळे प्रश्न आपोआप सुटतात. जुन्या तांब्याच्या लँडलाइनची तार एकाच घरात जाऊन संपायची. टेलिफोन कंपनीकडे कुठला नंबर कुठल्या घरात याची यादी असायची, ९११ चा कॉल आला की त्या यादीतून पत्ता ऑपरेटरच्या स्क्रीनवर यायचा, बोलणाऱ्याच्या तोंडून शब्द फुटला नाही तरी गाडी निघायची. अगदी सुरुवातीला म्हणजे १९६८ च्या फेब्रुवारीत अलाबामातल्या हेलीव्हिल गावात ९११ चा पहिला कॉल झाला तेव्हा ही सोय नव्हती, ती नंतर आली आणि मग लोक तिच्यावर इतके विसंबले की ९११ म्हणजे पत्ता कळणारच हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं झालं.

इंटरनेट फोनचा नंबर कुठल्याच तारेला बांधलेला नसतो. तुमचा डबा जर्सीत लावा, टेक्सासला लावा, पुण्यात लावा, तो इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरला हजेरी देतो आणि नंबर चालू. सर्व्हरला दिसतो तो आयपी ॲड्रेस, त्याच्यावरून फार तर शहर कळतं, कधी तेही चुकीचं, घराचा नंबर तर नाहीच. डब्यात जीपीएस नसतं. म्हणून कंपनी तुम्ही तिच्याकडे जो पत्ता नोंदवलाय तो ९११ च्या यंत्रणेला देते, त्याला रजिस्टर्ड लोकेशन म्हणतात. आणि हा पत्ता नुसता स्क्रीनवर दिसण्यापुरता नाहीये, कॉल कुठल्या ९११ सेंटरला जाणार हेच मुळात त्या पत्त्यावरून ठरतं. म्हणजे नोंद एडिसनची असेल आणि डबा तुमच्या भावाकडे टेक्सासला लावलेला असेल तर आईचा आवाज न्यू जर्सीतल्या ऑपरेटरला ऐकू येणार, आणि त्या ऑपरेटरकडे टेक्सासच्या त्या गावाला गाडी पाठवायचं बटण नसतं हो, आधी तिला ते गाव कुठलं ते कळायला हवं, मग तिथल्या सेंटरचा नंबर शोधायला हवा. हृदयविकारात ही मिनिटं कुठून आणायची?

हा नियम सुद्धा सुखासुखी आलेला नाही. सुरुवातीला या कंपन्यांचे ९११ कॉल कधी पोलिसांच्या ऑफिसच्या साध्या नंबरवर जाऊन पडायचे, कधी लागायचेच नाहीत. २००५ च्या फेब्रुवारीत ह्यूस्टनमध्ये घरात घुसून एका जोडप्यावर गोळ्या झाडल्या आणि त्यांच्या किशोरवयीन मुलीने घरच्या इंटरनेट फोनवरून ९११ लावलं तर तो लागलाच नाही. टेक्सासचे तेव्हाचे ॲटर्नी जनरल ग्रेग ॲबट यांनी त्यावरून मार्चमध्ये व्हॉनेज या इंटरनेट फोन कंपनीवर दावा लावला. मेमध्ये एफसीसीने, म्हणजे फोन कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेने, आदेश काढला की ज्या इंटरनेट फोनवरून साध्या फोनला कॉल करता येतो आणि घेता येतो त्या सगळ्यांनी ९११ पत्त्यासकट द्यायचंच, मुदत २८ नोव्हेंबर २००५. ग्राहकाकडून पत्ता घ्यायचा, तो बदलायची सोय द्यायची, आणि ९११ कधी चालणार नाही ते ग्राहकाला स्पष्ट सांगून फोनवर लावायला स्टिकर द्यायचा. तुमच्या डब्याच्या खोक्यात तो स्टिकर आला असणार, बहुतेकांच्या घरी तो खोक्यातच राहतो.

तर आता करायचं काय. कंपनीच्या वेबसाइटवर लॉगिन करून ९११ ॲड्रेस किंवा इमर्जन्सी ॲड्रेस असं जे पान असेल ते उघडा. बिलाचा पत्ता वेगळा असतो, तो बदलला म्हणजे हा बदलला असं समजू नका, माझ्या बघण्यात बहुतेक लोक इथेच अडकतात. पत्ता बदलल्यावर त्या फोनवरून ९३३ लावून बघा. बऱ्याच कंपन्यांनी हा नंबर चाचणीसाठी ठेवलाय, मशीन तुमचा नोंदवलेला पत्ता वाचून दाखवतं, खऱ्या ९११ ला कॉल जात नाही. तुमच्या कंपनीकडे तो नसेल तर त्यांच्या सपोर्टला विचारा, पण चाचणी म्हणून खरं ९११ लावू नका. टेक्सासला डबा न्यायचा असेल तर पोचल्या पोचल्या तिकडचा पत्ता भरा, ९३३ करा, परत आल्यावर पुन्हा तेच. हे प्रत्येक वेळी आठवणीने होणार नसेल तर डबा जर्सीतच राहू दे.

व्हॉट्सॲपवरून ९११ लागत नाही. गूगल व्हॉइसच्या पर्सनल नंबरवरूनही लागत नाही, हे ते स्वतः सांगतात. बाकी फुकट नंबरवाल्या ॲपवर मी तरी आई-वडिलांचा जीव टांगणार नाही. तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मोबाइलपुरतं बरंचसं बरोबर आहे, कारण ॲंड्रॉइड आणि ॲपल या दोघांनीही अमेरिकेत २०१८ पासून फोनमधलंच लोकेशन ९११ च्या कॉलबरोबर पाठवायला सुरुवात केली, आणि एफसीसीचा मोबाइल कंपन्यांना नियम सुद्धा सर्वसाधारणपणे ५० मीटरच्या आत लोकेशन द्यायचा आहे. पण ते मोबाइलच्या खऱ्या नंबरवरून केलेल्या कॉलबद्दल. डब्याला त्यातलं काहीही लागू नाही.

दवणा

मोगरा ताई, मी जर्सीतच एका व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वाडवर ईएमटी आहे, म्हणजे ॲम्ब्युलन्सबरोबर येऊन पहिले उपचार करणारी, गाडीच्या बाजूने काय होतं ते सांगते.

तारायंत्र यांनी सांगितलेलं सगळं करा आणि त्याच्यावर एक गोष्ट आपल्या भागासाठी खास बघा. जर्सीत पोस्टाचं गाव आणि टाउनशिप (म्हणजे आपल्या नगरपालिकेसारखी हद्द) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साउथ ब्रन्सविकमध्ये कुणाचा पत्ता मनमथ जंक्शन, कुणाचा केंडल पार्क, कुणाचा डेटन, आणि काहींचा तर चक्क प्रिन्स्टन असतो. प्लेन्सबरोत राहणारे कितीतरी लोक पत्त्यात प्रिन्स्टन लिहितात, वेस्ट विंडसरचेही. पत्र बरोबर येतं त्यामुळे कुणाला काही वाटत नाही, पण पोलीस आणि स्क्वाड टाउनशिपप्रमाणे येतात. एकाच नावाचे रस्ते शेजारशेजारच्या टाउनशिपमध्ये असतात हे तर विचारूच नका. तेव्हा वेबसाइटवर पत्ता भरताना सिस्टीमने तो खरोखर स्वीकारलाय का, आणि गावाचं नाव काय धरलंय ते बघा, आणि आई-बाबांना टाउनशिपचं नाव पाठ करून घ्या. आपण कुठे राहतो तर साउथ ब्रन्सविक, बास.

टाउनहाउसच्या कॉम्प्लेक्समध्ये सगळी घरं सारखी, रात्री नंबर दिसत नाहीत. युनिट नंबर पत्त्याच्या दुसऱ्या ओळीत भरायला विसरलं की आम्ही बरोबर कॉम्प्लेक्समध्ये येऊन दिवे लावून गोल गोल फिरत राहतो. एकदा एका आजींकडे आम्ही असेच पोचलो, पत्त्यात बिल्डिंग होती, युनिट नव्हतं. जिन्यातली तीन दारं वाजवली, चौथ्या दारामागून टीव्हीचा आवाज येत होता, मराठी सीरियल चालू होती, मी मराठीत हाक मारली तेव्हा आजोबांनी दार उघडलं, ते आतल्या खोलीत आजींना धरून बसले होते. आजी ठीक झाल्या. पण ते दार माझ्या ओळखीच्या भाषेमुळे सापडलं, पत्त्यामुळे नाही, आणि हे मला अजून बोचतं.

भाषेची काळजी मात्र फार करू नका. आता बरीच सेंटर्स फोन उचलल्यावर पहिलं विचारतात की इमर्जन्सी कुठे आहे, काय झालंय ते नंतर. आईंना एवढं एक वाक्य इंग्लिशमध्ये यायला हवं, घर नंबर, रस्ता, युनिट, टाउनशिप. कागदावर मोठ्या अक्षरात देवनागरीतच उच्चार लिहा आणि फोनच्या वर भिंतीला चिकटवा. त्यानंतर "मराठी" किंवा "हिंदी" एवढं म्हणाल्या तरी फोनवर दुभाषी जोडून देतात, हिंदीचा सहसा लवकर मिळतो. फोन ठेवायचा नाही, हे दहा वेळा सांगा. आपले लोक पत्ता सांगून झाला की पटकन ठेवून देतात, पलीकडचा माणूस अजून विचारत असतो की श्वास चालू आहे का, ॲस्पिरिन घरात आहे का, दार उघडं आहे का. आणि चुकून ९११ लागलं तरीही ठेवायचं नाही, चुकून लागलं म्हणून सांगायचं, नाहीतर ते परत फोन करतात आणि कुणी उचललं नाही तर पोलीस बघायला येतात.

बर्फातली_पालवी

हे वाचून लिहिल्यावाचून राहवत नाही. आम्ही कॅल्गरीत असतो. इथे २००८ च्या एप्रिलमध्ये अगदी हेच झालं होतं. एक कुटुंब मिसिसागाहून, म्हणजे टोरंटोच्या बाजूहून, इकडे राहायला आलेलं, इंटरनेट फोन तोच ठेवला होता. दीड वर्षाच्या बाळाची तब्येत एकदम बिघडली, ९११ केलं, आणि ॲम्ब्युलन्स गेली मिसिसागाच्या जुन्या घरी. हजारो किलोमीटर लांब. इकडे आईबाप वाट बघतायत. शेवटी शेजाऱ्यांच्या फोनवरून परत कॉल केला तेव्हा गाडी काही मिनिटांत आली पण बाळ गेलं.

इथे कॅनडात अशा बॅगेत घालून नेता येणाऱ्या फोनचा कॉल आधी एका मधल्या कॉल सेंटरला जातो, तिथला माणूस तुम्ही आत्ता कुठे आहात ते विचारून मग त्या गावच्या ९११ ला जोडून देतो. बोलणं तुटलं किंवा बोलणारा बोलू शकला नाही की फाइलमधला पत्ता पकडतात. म्हणजे शेवटी पुन्हा तोच पत्ता. मोगरा, तुम्ही तो टेक्सासचा विचार सोडूनच द्या असं मला मनापासून वाटतं, भावाकडे आई-बाबांच्या हातात एक साधा बटणांचा मोबाइल द्या.

मोगरा_जर्सी

सगळ्यांचे मनापासून आभार. दवणा, तुमचा अनुभव आईला वाचून दाखवला, ती लगेच म्हणाली मला तो कागद आत्ताच व्हॉट्सॲपवर पाठव, मी इथूनच पाठ करून येते.

काल रात्री बसून केलं सगळं. वेबसाइटवर बिलाचा पत्ता नवाच होता, घर घेतलं तेव्हा नवऱ्याने बदलला होता, पण ९११ चं पान वेगळं, चार मेन्यूंच्या आत, आणि तिथे एडिसन! नवा पत्ता भरला, सेव्ह केलं, हिरवी टिक आली. ९३३ केलं तर मशीनने शांतपणे एडिसनचा पत्ता वाचला, अपार्टमेंट नंबरासकट. अंगावर काटा आला. मग सपोर्टला फोन केला तर ती बाई म्हणाली की सेव्ह म्हणजे फक्त रिक्वेस्ट गेलीय, तो पत्ता ९११ च्या रस्त्यांच्या यादीशी जुळायला हवा आणि तुमचा जुळत नाहीये. झालं असं की युनिट नंबर मी रस्त्याच्याच ओळीत लिहिला होता आणि गाव पोस्टाचं. तिने युनिट वेगळ्या रकान्यात घातला, टाउनशिप टाकली, मग स्टेटस व्हेरिफाइड झालं, आणि आज सकाळी ९३३ ने नवा पत्ता युनिटसकट बरोबर वाचला. तोपर्यंत वेबसाइटवर ती हिरवी टिक तशीच होती हे मात्र मला अजिबात पटलेलं नाही. अशा गोष्टीत खोटा दिलासा देणारी टिक दाखवायची म्हणजे काय? मी त्यांना लेखी कळवलंय.

डबा टेक्सासला जाणार नाही, ठरलं. भावाला हा धागा पाठवला.

पेठकरी

मोगरा, उलट्या बाजूचं मी सांगतो, मी पुण्यात असतो आणि मुलगी कॅलिफोर्नियात. तिने मागे येताना असाच डबा आणून आमच्या हॉलमध्ये लावून दिला, तिचा लोकल कॉल होतो आणि आम्हालाही ऊठसूट बोलता येतं, फार सोय आहे. आमच्या सोसायटीत अजून दोन-तीन घरी हे डबे आहेत. पण तारायंत्र यांचं वाचून मी उठून तो फोन बघितला आणि विचार केला की घरी आलेल्या बाईने किंवा शेजारच्या मुलाने घाईत हाच फोन उचलला तर? ९११ दाबलं तर पोलीस मुलीच्या घरी कॅलिफोर्नियात जाणार आणि ११२ किंवा १०८ दाबलं तर हा अमेरिकन फोन असल्याने पुण्यातल्या कंट्रोल रूमला लागायचाच नाही. म्हणून त्या फोनवर आता कागद चिकटवलाय, "ॲम्ब्युलन्ससाठी हा फोन नाही, मोबाइलवरून १०८ किंवा ११२ लावा". महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे आणि ११२ सगळ्याला मिळून, पोलीस, आग, ॲम्ब्युलन्स.

आणि परदेशातल्या मुलांसाठी एक. आई-वडिलांचा व्हॉट्सॲप कॉल आला की बाबा पडलेत, तर तुम्ही तिकडून ११२ लावू नका, अमेरिकेतल्या मोबाइलवर तो बहुतेक वेळा तिथल्याच ९११ ला जोडला जातो. पुण्यातला गाडी पाठवणारा दहा आकडी नंबर हवा, जवळच्या हॉस्पिटलचा, शेजाऱ्यांचा, सोसायटीच्या वॉचमनचा. माझ्या मुलीकडे वॉचमनचा नंबर आहे आणि त्याला माहितीय की तिचा फोन आला की आधी वर धावायचं. तसंच मोगरा, तुमच्या इथल्या पोलिसांचा साधा दहा आकडी नंबर पुण्यातल्या भावंडांना देऊन ठेवा, कारण आई घाबरून पहिला फोन पुण्यालाच करेल आणि पुण्यातून ९११ लावून काही उपयोग नाही.

दवणा

पेठकरी काका, शंभर टक्के. आम्हाला असे कॉल येतात, भारतातून कुणीतरी टाउनशिपच्या पोलिसांना फोन करून सांगतं की अमुक घरात माझी आई एकटी आहे. गाडी निघते लगेच. फक्त तो नंबर आधीपासून हाताशी हवा.

शून्य_प्रहर

धागा छान चाललाय म्हणून ऑफिस आणि हॉटेलचं जोडतो, माझं काम कंपनीच्या फोन सिस्टीमचं आहे, अटलांटाला.

२०१३ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या मार्शल गावी एका मोटेलच्या खोलीत कारी हंट या बाईचा खून झाला, तिची नऊ वर्षांची मुलगी खोलीतल्या फोनवरून ९११ लावत राहिली, चार वेळा, लागलं नाही, कारण त्या फोनवर बाहेर कॉल करायला आधी ९ दाबावा लागायचा आणि ते त्या पोरीला माहीत असायचं कारण नव्हतं. तिच्या आजोबांनी पाठपुरावा केला आणि कारीज लॉ झाला, १६ फेब्रुवारी २०१८ ला सही आणि १६ फेब्रुवारी २०२० पासून लागू. नवीन सिस्टीमवर थेट ९११ लागायलाच हवं आणि त्याच वेळी रिसेप्शनला कळायला हवं की कुणी ९११ लावलंय. पण हे त्या तारखेनंतर बसवलेल्या सिस्टीमना आहे. जुन्या मोटेलमध्ये उतरलात तर काउंटरवर सरळ विचारा की रूममधून ९११ डायरेक्ट लागतं का. आई-बाबांना घेऊन नायगराला जाताना आपण अशाच ठिकाणी उतरतो.

घरून काम करणाऱ्यांनी आपल्या ऑफिसच्या लॅपटॉपवरचा फोनही बघावा. ६ जानेवारी २०२२ पासून अशा हलत्या फोननाही कॉलबरोबर नेमका पत्ता, म्हणजे मजला-खोलीपर्यंत गाडी येईल असा पत्ता, द्यायचा नियम आहे, म्हणून तो लॅपटॉप मधूनमधून विचारतो की तुमचं इमर्जन्सी लोकेशन काय. लोक वैतागून ते बंद करतात. करू नका हो, दहा सेकंद लागतात भरायला. काही ठिकाणी पत्ता नसलेल्या नंबरवरून ९११ केलं तर कॉल आधी देशभराच्या एका रिले सेंटरला जातो, तिथे तोंडी पत्ता विचारून पुढे जोडतात, आणि काही कंपन्या त्या एका कॉलचे वेगळे पैसेही लावतात.

आणि आपल्या भारतीयांसाठी खास : ज्या ऑफिसात बाहेरच्या लाइनसाठी अजून ९ दाबायचा आहे तिथून इंडियाला कॉल करताना ९-०११-९१ मधला शून्य दाबायचा राहिला की पहिले तीन आकडे ९११ होतात. असे कॉल मी स्वतः लॉगमध्ये बघतो. लागला तर ठेवू नका, दवणा यांनी सांगितलंय तसं बोलून मोकळे व्हा.

जर्सीवाल्यांच्या फोन बिलात दर महिन्याला ९० सेंट ९११ ची फी असते, इंटरनेट फोनवरसुद्धा. एफसीसीच्या वार्षिक अहवालांत हा पैसा दुसरीकडे वळवणाऱ्या राज्यांमध्ये न्यू जर्सीचं नाव अनेकदा आलंय. आपण ही फी भरतो, तर टाउनशिपच्या मीटिंगला जाऊन विचारायला हवं की आपल्या सेंटरकडे नवीन यंत्रणा आली का, टेक्स्ट करून ९११ चालतं का.

मोगरा_जर्सी

बापरे, नायगराचं बुकिंग झालंय, आजच हॉटेलला फोन करते. पेठकरी काका, पोलिसांचा दहा आकडी नंबर बहिणीला आणि काकांना पाठवला.

तारायंत्र, शेवटचा प्रश्न. इथे हिवाळ्यात लाइट जातात. सॅंडी वादळाच्या वेळी म्हणजे २०१२ मध्ये नणंदेकडे कित्येक दिवस लाइट नव्हते. मग डब्याचं काय? आणि आईसाठी गळ्यात घालायचं ते बटण घ्यायचं मनात आहे, पडली की दाबायचं ते.

तारायंत्र

लाइट गेले की डबा बंद, राउटर बंद, भिंतीवरचं फायबरचं खोकं असेल तर तेही बंद. जुन्या तारेतून फोनला वीज टेलिफोन एक्सचेंजमधूनच यायची म्हणून ती लँडलाइन अंधारातही चालायची, इथे तसं नाही. केबल किंवा फायबरवाल्या कंपनीचाच फोन असेल तर एफसीसीच्या नियमाने त्यांनी तुम्हाला आधी ८ तासांचा आणि २०१९ पासून २४ तासांचा बॅटरी बॅकअप विकत घ्यायचा पर्याय द्यावा लागायचा, पण तो नियम सप्टेंबर २०२५ मध्ये संपला. तुमचा डबा वेगळ्या कंपनीचा आहे त्यामुळे तुम्ही स्वतःच एक छोटा यूपीएस घ्या आणि तिन्ही गोष्टी त्याच्यावर लावा, एक जरी राहिली तरी फोन मुका. आणि मोठ्या वादळात यूपीएस असूनही रस्त्यावरची इंटरनेटची लाइनच जाते, म्हणून घरात एक चार्ज केलेला मोबाइल हवाच. जुना फोन प्लॅनशिवाय, सिमशिवाय असला तरी अमेरिकेत त्याच्यावरून ९११ लागतं, फक्त तो थ्रीजीच्या जमान्यातला नको कारण ती नेटवर्क २०२२ मध्ये बंद झाली. कॉल तुटला तर मात्र त्यांना अशा फोनवर परत फोन करता येत नाही, हे आईंना सांगून ठेवा, म्हणजे त्या स्वतः पुन्हा लावतील.

आईंच्या मोबाइलवर वायफाय कॉलिंग चालू असेल तर सेटिंगमध्ये तिथेही इमर्जन्सी ॲड्रेस असतो, तो नवा आहे ना बघा. टॉवरची रेंज असेल तर फोन ९११ साठी आधी टॉवरच पकडतो, पण तुमच्या बेसमेंटमध्ये रेंज नसेल आणि आई-बाबांची खोली तिथे असेल तर कॉल वायफायनेच जाणार.

गळ्यातलं बटण घेताना विचारा की ते घरच्या फोनलाइनवर चालतं की त्यात स्वतःचं सिम आहे. सिमवालंच घ्या. फोनलाइनवालं इंटरनेटच्या डब्याला जोडलं तर कधी चालतं कधी नाही, ते सिग्नलचे टोन मधेच गाळले जातात. घेतल्यावर त्या कंपनीला आधी टेस्ट म्हणून सांगा आणि आईंनाच दाबायला लावा, बाथरूममधून, बेसमेंटमधून, अंगणातून. कुठे लागत नाही ते त्या इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळू दे.